दुसरी पट्टी

"मग दुसरी पट्टी कुठल्या वाटेनं घालू, बाई? पोटाकडून की मांडीकडून?"

डॉ. केतकी शिरगुप्पे अजून खुर्चीत टेकलीसुद्धा नव्हती. हातात गाडीची किल्ली, काखेत फाइल.

समोर डॉ. एस्तेर रणभिसे पावटे सोलत बसल्या होत्या. वय एकोणऐंशी. जिल्ह्यातल्या निम्म्या स्त्रीरोगतज्ज्ञांना त्यांनी शिकवलं होतं. आता एका धर्मादाय दवाखान्यामागच्या दोन खोल्यांत राहत. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी बायका तपासत. त्यांना सगळे 'बाई'च म्हणत.

"आधीची पट्टी कुठे गेली?" बाईंनी विचारलं.

"आहे जागेवर. पण... सैल पडलीय."

"का?"

"पडते एखादीची. आजवर एकशे साठ पट्ट्या घातल्या मी. फसलेली ही पहिली."

बाईंनी एक शेंग उघडली. दाणा किडका निघाला. बाजूला टाकला.

"पहिली फसलेली नव्हे," त्या म्हणाल्या. "पहिली परत आलेली."

केतकीच्या हातातली किल्ली या हातातून त्या हातात गेली.

पेशंटचं नाव विजयमाला लोहार. वय सत्तेचाळीस. एसटीत कंडक्टर, सांगली-जत मार्गावर. दुसऱ्या बाळंतपणानंतर तिचा त्रास सुरू झाला होता. खोकलं, शिंकलं, वजन उचललं, गाडीनं गचका दिला, की लघवी निसटायची. आधी थेंब. पुढे पुढे कपडे भिजण्याइतकी.

वर्षभर तिनं स्नायू आवळण्याचे व्यायाम केले. नेमानं केले. फरक पडला नाही. अडीच वर्षांपूर्वी केतकीनं तिच्या मूत्रमार्गाखाली जाळीची बारीक पट्टी घातली. आठ महिने ती कोरडी राहिली. मग त्रास परतला. केतकीनं मूत्रमार्गाच्या तोंडाशी इंजेक्शनं दिली, म्हणजे आतली जागा फुगून वाट अरुंद व्हावी. ती चार महिने टिकली.

आता येत्या गुरुवारी पुन्हा पट्टी. तारीख देऊन झाली होती.

"तिला काय काय सांगितलंस?" बाईंनी विचारलं.

"सांगितलं की. पट्टी सगळ्यात सोपी. अर्ध्या तासाचं काम. त्याच दिवशी घरी."

"दुसऱ्यांदा घातलेली पट्टी पहिलीइतकी लागू पडत नाही. हे सांगितलंस?"

"घाबरली असती."

"बाकीचे मार्ग?"

"ते सांगून काय उपयोग, बाई? तीच म्हणाली, मॅडम, तुम्ही कराल ते."

"आणि तू काय करणार?"

"पट्टी."

"म्हणजे ती काही बोललीच नाही."

केतकी उठली. खिडकीपाशी गेली. परत आली. फोन थरथरला, तो तिनं न बघता उलटा ठेवला.

"बाई, मी स्वतः बाई आहे. पुरुष डॉक्टरांसारखं नाही माझं. मला तिचं दुखणं कळतं."

"तुला गळतं?"

केतकीच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"...नाही."

"मग शुक्रवारी तिला घेऊन ये."

"ऑपरेशन गुरुवारी आहे."

"शुक्रवारी घेऊन ये."

ताटलीत दाणे पडत राहिले. केतकी दोन मिनिटं उभी राहिली आणि निघाली. फाटकाबाहेर गाडी लावली होती, तिथे जाऊन ती नुसतीच बसली. विचारायला आली होती एक आणि उत्तर घेऊन चालली होती भलतंच. उत्तर तरी होतं का ते?

संध्याकाळी तिनं विजयमालाला फोन केला.

"गुरुवारचं पुढे ढकलतेय. शुक्रवारी माझ्या बाईंना एकदा दाखवू."

"म्हणजे गुरुवारी नको?"

"नको."

पलीकडून एक लांब श्वास ऐकू आला. मग, "बरं मॅडम." फोन बंद.

तो श्वास सुटकेचा होता की निराशेचा, केतकीला कळेना. ओपीडीत, जेवताना, गाडी चालवताना, तीन दिवस तो तिच्या कानात राहिला. अडीच वर्षं ती विजयमालाला तपासत होती. पॅड किती ग्रॅम भिजतं तेही तिला पाठ होतं. आणि एक श्वास ओळखता येऊ नये?

शुक्रवारी विजयमाला साडेनऊच्या गाडीनं आली. रजेवर होती, तरी सवयीनं गाडीतून शेवटी उतरली. अंगावर गडद चॉकलेटी साडी. कमरेला स्वेटर बांधलेला. ऊन चांगलंच तापलं होतं.

"बसा," बाई म्हणाल्या.

"उभीच बरी हाय मी, डॉक्टरबाई."

"नेहमी उभ्याच असतात त्या," केतकी म्हणाली. "माझ्याकडेही. कंडक्टर ना, सवय झालीय."

बाईंनी विजयमालाकडे पाहिलं. मग समोरच्या खुर्चीकडे. खुर्चीवर कापसाची उशी होती, फुलाफुलांच्या अभ्र्याची.

त्या हळूच उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून, दमानं. उशी काढून त्यांनी कॉटवर टाकली. आतून एक लाकडी स्टूल ओढत आणलं आणि खुर्चीच्या जागी ठेवलं.

"हे पुसलं की झालं," त्या म्हणाल्या. "बसा आता."

विजयमाला स्टुलाकडे बघत राहिली. मग बसली. सावकाश, सगळं वजन टाकून बसली. तिचे डोळे भरून आले होते.

"मॅडम, तुमच्याकडच्या खुर्च्या पांढऱ्या हायत," ती केतकीला म्हणाली. तक्रार म्हणून नव्हे. नुसतंच सांगितलं.

त्या खुर्च्या केतकीनं स्वतः निवडल्या होत्या. बायकांना प्रसन्न वाटावं म्हणून.

"केतकी," बाई म्हणाल्या, "सगळे मार्ग सांग यांना. फाइल मिटून ठेव. इंग्रजी शब्द नको."

"सगळे?"

"सगळे. काहीच न करण्याचाही."

केतकीनं सुरुवात केली. पहिलं वाक्य अडखळलं, दुसरंही. परिषदांमध्ये ती तास तास बोलायची, तिथे असं होत नसे. बाईंनी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. हळूहळू शब्द सापडत गेले. हवेत बोटानं आकृत्या काढल्या, मग पदराचं टोक घेऊन दाखवलं, मग कागदावर रेघा ओढल्या. विजयमाला मध्ये मध्ये विचारत होती. कुठे कापणार, किती दिवस पडून राहायचं, किती जणींना गुण येतो, वाईटात वाईट काय होतं. पाऊण तास गेला.

"झालं," केतकी म्हणाली.

"झालं का ते मला यांच्याकडून कळेल," बाई म्हणाल्या. "विजयमालाताई, आता तुम्ही मला सांगा. मला ऐकायला कमी येतं असं समजा."

विजयमाला हसली नाही, पण तिचा चेहरा सैलावला. तिनं बोटं मोजायला घेतली.

"एक, काय करायचं न्हाई. पॅड लावायची, व्यायाम करायचा, वजन जरा उतरवायचं. जिवाला धोका न्हाई. त्रास हाय तसा ऱ्हाणार. दोन, सुई. सोपी हाय, पण टिकत न्हाई, मी बघितलीच की. तीन, पुन्हा जाळीची पट्टी. लवकर घरी. पण दुसऱ्या खेपेला गुण कमी, आणि जाळी आत कुठं घासली, बाहेर आली, तर काढताना हाल. चार, पोट उघडून आतनं दोन्ही बाजूला टाकं घालायचं आणि लघवीच्या पिशवीची मान वर उचलून बांधायची. त्यानं पुढं कधी मागच्या बाजूनं अंग खाली उतरू शकतं."

"आणि?"

"पाच. माझ्याच पोटाच्या आतल्या मजबूत पडद्याची पट्टी कापायची आणि तिची झोळी करून खाली लावायची. बाहेरचं काय बी न्हाई. पोटावर आडवी खूण, तीन महिने वजन उचलायचं न्हाई, तिथं हर्निया होऊ शकतो. आणि कधी कधी झोळी घट्ट झाली तर लघवी अडते. मग नळी घालून काढायची." ती थांबली. "आणखी एक हाय, यंत्राची झडप बसवायची. पण ते अगदी कुठंच भागलं न्हाई तर."

बाईंनी केतकीकडे पाहिलं. केतकी खाली बघत होती.

"झोळी चांगली टिकते," केतकी म्हणाली, "पण मी ती सुचवली नाही ती त्या नळीमुळेच. लघवी अडली तर दिवसातून तीन-चार वेळा स्वतःच्या हातानं नळी घालावी लागते. बहुतेकींना थोडे आठवडे. पण एखादीला कायमची. तुमची ड्युटी, प्रवास... त्यात हे कसं जमायचं? त्यापेक्षा वाईट काय असणार?"

"नळी मी घालायची?" विजयमालानं विचारलं.

"हो. शिकवतात."

"माझ्या हातानं? मी ठरवीन तवा?"

"हो..."

"मग ते चालतंय की."

केतकीनं मान वर केली.

"तुम्हाला नीट कळलं ना मी काय म्हणाले?"

"कळलं, मॅडम. नळी मी ठरवीन तवा घालायची. सात वाजता म्हटलं तर सात वाजता, स्टँडवर म्हटलं तर स्टँडवर, दार लावून." तिनं कमरेच्या स्वेटरची गाठ चाचपली. "हे मला इचारून येत न्हाई."

बाहेर दवाखान्यात कुणीतरी केसपेपरचा नंबर पुकारला.

मग विजयमाला आपणहून बोलू लागली.

"गेल्या उन्हाळ्यात गाडीत एक म्हातारं चढलं. अर्ध्या तिकिटासाठी भांडायला लागलं. म्हटलं, कार्ड दाखवा. तर म्हणतंय, माझं तोंड बघ, त्यावर लिवलंय की वय. सगळी गाडी हसली. मी पण हसले. पोट धरून हसले. आणि..."

तिनं मांडीवरच्या साडीवरून हात फिरवला.

"खाकीवर ओलं लगेच दिसतंय, डॉक्टरबाई. काळ्या-निळ्यावर नसतंय दिसत. मागच्या सीटवरची एक बाई काय बोलली न्हाई. तिनं तिची शाल काढली आणि माझ्या कमरेभोवती टाकली. पुढच्या थांब्यावर उतरून गेली. शाल तशीच माझ्याकडं."

"मग?"

"मग काय... तवापासनं मी ड्युटीवर हसत न्हाई. दुपारी दोनपर्यंत पाणी पीत न्हाई. दोनदा लघवीला जळजळ होऊन ताप आला. लोकं म्हणत्यात, जतच्या गाडीची कंडक्टरीण लई कडक हाय."

केतकीच्या फाइलमध्ये सत्तावीस पानं होती. यातलं एकही वाक्य त्यात नव्हतं.

"पुन्हा जाळी नको मला," विजयमाला म्हणाली. "लावायचंच तर माझंच काहीतरी लावा. आणि नसंल जमत तर तसं सांगा. गुरुवारचं तुम्ही नको म्हणालात, तवा मला वाटलं, आता ह्यांनी पण हात टेकलं."

म्हणजे तो श्वास निराशेचा होता.

विजयमाला उठून आत बाथरूमकडे गेली. दोघीच उरल्या तशी केतकी भराभरा बोलू लागली.

"ठरलं मग, बाई. झोळीच करू. येत्या सोमवारी घेते. त्याआधी मूत्राशयाच्या दाबाची तपासणी परत करते, दुर्बिणीतून जुनी पट्टी बघते. दोन तासांचं काम आहे. भूलवाल्यांना आत्ता फोन करते."

"किती झोळ्या केल्यास आजवर?"

"चार."

"शेवटची कधी?"

"...नऊ वर्षं झाली. तुमच्यासोबतच केली होती. पण बाई, हात विसरत नाहीत."

बाईंनी पावट्यांची ताटली बाजूला ठेवली. दोन्ही हात पुढे केले, तळवे खाली, बोटं पसरून.

हात थरथरत होते. बारीक, एकसारखे, न थांबता. केतकीनं ते एवढ्या जवळून प्रथमच पाहिले. याच हातांनी तिला पहिली गाठ मारायला शिकवली होती.

"यांना सगळं आठवतं," बाई म्हणाल्या.

केतकीनं हातातला फोन खाली ठेवला.

"मी तुम्हाला करा म्हणत नाहीये..."

"तूही नको."

"मग कोण?"

"अजिंक्य हुक्केरी."

केतकी ताडकन उठली.

"अजिंक्य? बाई, तो माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मागे होता! माझ्या वह्या उतरवून पास झालाय तो!"

"वर्षाला चाळीस झोळ्या करतो पुण्यात. सगळ्या अशाच. आधीचं कुणाचं तरी फसलेलं."

"आणि मी माझी पेशंट त्याच्या दारात नेऊन उभी करू? मी? गाव काय म्हणेल? तिला काय वाटेल? माझी पेशंट आहे ती, बाई!"

"तुझी आहे," बाई म्हणाल्या, "म्हणूनच ने."

विजयमाला बाहेर आली. केतकीनं फाइल उचलली, घाईत चार कागद खाली सांडले, ते गोळा केले, आणि विजयमालाला म्हणाली, "दोन दिवसांत कळवते."

ते दोन दिवस केतकीचा पाय जमिनीवर ठरला नाही. राउंड घेताना एकीची गोळी दुसरीला लिहिता लिहिता ती थांबली. नवऱ्यानं विचारलं, बरं नाही का? ती फोन घेऊन गच्चीवर गेली. सहा वेळा हुक्केरीचा नंबर काढला. सहा वेळा बंद केला. एकदा तर रिंग गेली, तेव्हा तिनं फोन असा कापला की जणू बोट भाजलं.

ती मनात वाक्यं जुळवत होती. 'एक गुंतागुंतीची केस आहे.' नको. 'तुझं मत हवं होतं.' नको. 'पेशंटलाच पुण्याला यायचंय.' हे चांगलं होतं. फक्त खोटं होतं.

रविवारी सकाळी तिनं एकदम फोन लावला. काही न जुळवता.

"अजिंक्य, केतकी बोलतेय. माझी एक पट्टी फसली."

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला.

"मॅडम... माझ्या नऊ फसल्यात," हुक्केरी म्हणाला. "त्यांतल्या तीन मी दुसऱ्यांकडे पाठवल्या. कधी आणताय पेशंटला?"

"सोमवारी?"

"आणा. आणि तुम्ही पण थांबा. मला धरायला जाणतं माणूस लागतं."

पुण्यात सगळ्या तपासण्या नव्यानं झाल्या. मूत्राशय भरून दाब मोजला. दुर्बीण घालून जुनी पट्टी मूत्रमार्गात घुसली नाही याची खात्री केली. हुक्केरीनं विजयमालाला पुन्हा सगळे मार्ग समजावून सांगायला घेतले, तर तिनंच त्याला बोटं मोजून दाखवले. तो केतकीकडे बघून म्हणाला, "एवढं तर माझे विद्यार्थी सांगत नाहीत." केतकीनं नुसती मान हलवली.

ऑपरेशनच्या दिवशी केतकी टेबलाच्या डाव्या बाजूला उभी होती. मदतनिसाच्या जागी. तिथे ती नऊ वर्षांत उभी राहिली नव्हती. जखमेच्या कडा ओढून धरायच्या, रक्त टिपायचं, सांगेल तेव्हा दोरा कापायचा. हुक्केरीनं पोटाच्या पडद्याची बोटभर रुंद पट्टी अलगद सोडवली, दोन्ही टोकांना धागे ओवले, आणि मूत्रमार्गाखाली नेली. आता गाठ. सगळा खेळ त्या गाठीचा. सैल पडली तर गळत राहणार, घट्ट झाली तर अडणार.

केतकीचा हात आपोआप पुढे गेला. तिनं तो मागे घेतला.

"किती ताण?" तिनं विचारलं.

"मनाला वाटतं त्याहून सैल," हुक्केरी म्हणाला. "मन घाबरलेलं असतं. ते नेहमी जास्त ओढतं."

केतकी कडा धरून राहिली. खांदे भरून आले होते.

नंतर जे व्हायला नको होतं, ते झालंच. नळी काढल्यावर विजयमालाची लघवी अडली. एक दिवस, दोन दिवस, चार दिवस. हुक्केरी शांत होता. केतकीला बसवत नव्हतं. ती सांगलीहून दिवसातून पाच वेळा फोन करी. पाचव्या दिवशी दवाखाना सहकाऱ्यावर सोपवून ती स्वतःच पुण्याला गेली.

विजयमाला पलंगावर आरसा आणि नळी घेऊन बसली होती. नर्सनं दोनदा शिकवलं होतं. जमत नव्हतं.

"द्या इकडे," केतकी म्हणाली. तिनं दार लावलं, हात धुतले आणि पलंगाच्या कडेला बसली. अर्धा तास लागला. विजयमालानं नळीला, आरशाला आणि एकदा केतकीलाही शिवी घातली. मग नळीतून धार आली आणि दोघी तिच्याकडे बघत राहिल्या, पहिल्यांदा चूल पेटवलेल्या पोरींसारख्या.

"बघा मॅडम," विजयमाला म्हणाली. "मी ठरवलं तवा आली."

ती नळी सहा आठवडे लागली. मग लागेनाशी झाली. तीन महिने तिनं घागर उचलली नाही. चौथ्या महिन्यात ड्युटीवर रुजू झाली आणि आठ दिवसांत लांब पल्ल्याची गाडी मागून घेतली, सोलापूरची. सर्दी झाली आणि लागोपाठ शिंका आल्या तर अजून एखादा थेंब येतो. त्या दिवशी पातळ पॅड लावते.

"एवढं चालतंय," ती केतकीला म्हणाली.

पण केतकीची बेचैनी गेली नाही. विजयमाला बरी झाल्यावर तर ती वाढली. बाईंचं पहिल्या दिवशीचं वाक्य तिला टोचत होतं. एका सोमवारी ती जुन्या नोंदी काढून बसली आणि पट्टी घातलेल्या एकेका बाईला फोन लावू लागली. रोज दहा, कधी पंधरा. काही नंबर बंद होते. काही गाव सोडून गेल्या होत्या. एकशे बाराजणी बोलल्या.

त्यांतल्या चौदाजणींना पुन्हा गळत होतं. कुणाला वर्षभर, कुणाला चार वर्षं.

"मग आला का नाहीत माझ्याकडे?" तिनं एकीला विचारलं. शिक्षिका होती ती, निवृत्त.

"तुम्ही एवढं मन लावून केलं होतं, डॉक्टर," ती म्हणाली. "तुम्हाला वाईट वाटलं असतं."

केतकीनं नोंदीत तिच्या नावापुढे भेटीची वेळ लिहिली.

सगळे फोन झाल्यावरच्या मंगळवारी ती बाईंकडे गेली. बायका तपासून झाल्या होत्या. बाई ओसरीवर पाय पसरून बसल्या होत्या. केतकी शेजारी जमिनीवर बसली. या वेळी हातात फाइल नव्हती.

तिनं सगळं सांगितलं. विजयमाला, सोलापूरची गाडी, चौदाजणी, ती शिक्षिका.

बाई ऐकत होत्या. डोळे मिटलेले.

"झोपलात का, बाई?"

"नाही."

"त्या चौदाजणींना बोलावलंय मी. एकेकीला वेळ देऊन. सगळं सांगणार आहे, न घाबरवता आणि न लपवता. काहींना काही करायचंच नसेल. काही जणी अजिंक्यकडे जातील..." ती थांबली. "पुढच्या महिन्यात परिषद आहे. तो विजयमालाची केस मांडतोय. त्याच्या यशात."

"मांडू दे."

"मला राग नाही, बाई. खरंच नाही. पण... पट्टी मी घातली, फसली. इंजेक्शनं मी दिली, फसली. झोळी त्यानं केली. नळी तिनं स्वतः घातली. पर्याय तिनं निवडला." तिनं दोन्ही हात मांडीवर ठेवले. "मग यात माझं काय राहिलं?"

बाईंनी डोळे उघडले.

"अपयश तुझं आहे, केतकी," त्या म्हणाल्या. "ते कुणाला देऊ नकोस."